मन्मथअप्पांचा मुआयना

मन्मथअप्पा मला पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांचं डोकं पोत्यात होतं.

बाजाराचा दिवस होता. मी आरोग्य खात्यात देवीची लस टोचणारा म्हणून नवा लागलो होतो. खेड्यापाड्यांत आम्हाला 'देवी डॉक्टर' म्हणत. हजर व्हायला ऑफिसात गेलो तर शिपाई म्हणाला, "सायेब आडतीत हायती, तिथंच जावा." आडतीतल्या एका दुकानापुढं ज्वारीची पोती तोंडं उघडून मांडली होती आणि त्यातल्या एकात खांद्यापर्यंत शिरलेला एक आडवातिडवा माणूस. खाली पांढरं धोतर, वर खाकी कोट, पायात करकरणाऱ्या वहाणा. शेजारी व्यापारी घाम पुसत उभा. बराच वेळ काहीच हललं नाही. मग ते डोकं बाहेर आलं. मिशांना भुसा, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे अजून मिटलेलेच.

"ह्याच्यात उंदीर मेलाय," ते म्हणाले. "खाली, उजव्या अंगाला."

पोतं उलटं केलं. उंदीर निघाला. अप्पांचा चेहरा असा खुलला की जणू हरवलेली वस्तूच सापडली. मग माझ्याकडं वळले आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाले, "तम्मा, डोक्याला वासाचं तेल लावलाव तुम्ही. उद्यापासून बिनवासाचं लावायचं. माझ्या कामात आडवं येतंय."

अप्पा आमच्या भागाचे सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. माणसानं खाऊ नये असं जे काही बाजारात येईल ते हुडकायचं, जप्त करायचं आणि कुणाच्या तोंडी पडणार नाही अशा रीतीनं पुरून किंवा जाळून टाकायचं, हे त्यांचं काम. शिक्षण हैदराबादला उर्दूत झालेलं. निजाम गेला, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, ऑफिसातले कागद मराठी झाले, पण अप्पा तपासणीला शेवटपर्यंत 'मुआयना'च म्हणत. जातीनं लिंगायत. उमरग्याकडचे असल्यामुळं मराठी बोलता बोलता मधेच कानडी शब्द यायचा. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही, मी कायमचा 'तम्मा', म्हणजे कानडीतला धाकटा भाऊ, झालो. पहिल्या दिवसाचं 'तुम्ही' मात्र आठवडाभरात गेलं.

तंबाखू नाही, विडी नाही, लग्नाकार्यात अत्तराचा फाया पुढं आला तर हात पाठीमागं. कारण विचारलं की सांगत, "नाक सरकारी हाय. त्याला घरची चैन चालत न्हाय."

दुकानदार त्यांच्या दंडाला घाबरत नसत, प्रश्नांना घाबरत. आंबलेलं श्रीखंड सापडलं की अप्पा ओरडायचे नाहीत. ते पाटावर बसकण मारत. दूध कुणाचं? चक्का कधी टांगला? फडकं कुठलं? भांडं कल्हईचं का बिनकल्हईचं? रात्री झाकण काय ठेवलं होतं? बिचारा हलवाई रडकुंडीला येई. "अप्पा, काय दंड करायचा तो करा, पण विचारू नका," असं म्हणणारा माणूस मी या कानांनी ऐकलाय. सगळं विचारून झालं की अप्पा त्या जिनसावर हात ठेवून म्हणत, "हे आता आपलं न्हाय. मातीचं झालं." आणि मग खड्डा.

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा ओसरीवर वाट्या पालथ्या घातलेल्या दिसल्या. मला वाटलं, कोंबडीची पिल्लं. अप्पांनी एकेक वाटी उचलून दाखवली. प्रत्येकीखाली भाकरीचा तुकडा. एक कोरडा, एक भिजवलेला, एक मीठ लावलेला, एक तेल लावलेला. त्यांच्यावर बुरशी धरली होती, पांढरी, राखाडी, एका ठिकाणी तर मोरपिशी.

"ही बघ, काल नव्हती," भिजवलेल्या तुकड्याकडं बोट दाखवून ते म्हणाले. "मीठवालीला अजून काय झालं न्हाय. का झालं न्हाय, सांग."

त्यांनाच नक्की ठाऊक नव्हतं, आणि त्याचंच त्यांना सुख होतं.

त्यांच्या बायकोला, शिवगंगाबाईंना, आम्ही अक्का म्हणत असू. उंच, काटक, इरकलीचा पदर डोक्यावरून कधी न ढळणारा. चहा देता देता त्या म्हणाल्या, "लोकांच्या दारात तुळस असती. आमच्या दारात बुरशी. माहेरचं माणूस आलं की मलाच लाज वाटती." पण लहान मुलं अंगणात आली की, "वाट्यांना हात लावू नगा रे, तुमच्या काकांची शाळा हाय ती," असंही त्याच दटावत.

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला आमची दोघांची नेमणूक असे. मी टोचायला, अप्पा मुआयन्याला. एका वर्षी तक्रार आली की यात्रेत येणाऱ्या खव्यात रताळ्याचं पीठ मिसळतात. अप्पांनी दवाखान्यातून जखमेला लावायचं आयोडीन बाटलीभर घेतलं. खव्याची चिमूट पानावर घ्यायची, पाण्यात कालवायची, वर दोन थेंब टाकायचे. पीठ असलं तर खवा निळा पडतो. पहिल्याच दुकानात खवा निळाशार झाला आणि भोवती ही गर्दी जमली. डोंबाऱ्याचा खेळ सोडून लोक आले.

गर्दीतून एक म्हातारा पुढं झाला. त्यानं धडप्यातली भाकरी काढली आणि म्हणाला, "सायेब, हिची बी परीक्षा घ्या." अप्पांनी थेंब टाकला. भाकरी काळीनिळी. म्हातारा हबकला.

"म्हंजे माझी भाकर बी खोटी?"

"आवो, भाकरीत पीठ असायलाच पायजे की!" अप्पा खदखदून हसले. "खव्यात नको. निळं होणं हा गुन्हा न्हाय. कुठं निळं होतंय ते बघायचं."

झालं. मग कुणी बटाटा आणला, कुणी भाताचं शीत, कुणी केळं. एका बाईनं हळद आणली. अप्पा प्रत्येकाला थेंब देत होते, प्रत्येकाला समजावत होते, आणि केळ्याचा रंग पिकल्यावर वेगळा का येतो यावर स्वतःच अडून बसले. दुपारपर्यंत बाटली रिकामी. निम्म्याहून जास्त खवेवाले तपासायचे राहूनच गेले. वरचे साहेब संतापले. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, औषध संपलं हे खरं. पण आता एवढ्या लोकांना खवा कसा बघायचा ते कळलंय. खवेवाल्यांना बी हे कळलंय." त्या यात्रेत खव्याचा भाव पडला की नाही मला माहीत नाही, पण निळा खवा पुन्हा फारसा दिसला नाही.

चुकत नसत असं नाही. लोहाऱ्याच्या बाजारात चांदबी नावाची बाई सुकट विकायची. अप्पांच्या सात पिढ्यांत कुणी मासळी शिवलेली नव्हती. नव्यानं या भागात आले तेव्हा तिच्या पाटीजवळ गेले, वाकले, आणि दोन पावलं मागं सरकून तोंडाला धोतराचा सोगा लावला. "सगळं सडलंय. पुरा."

चांदबीनं पाटीवर दोन्ही हात ठेवले. "अप्पा, ये सडेल न्हाई, ये असंच असतंय. सुकटीला सुकटीचाच वास येनार की. मोगऱ्याचा कुठून आनू?"

लोक हसले. दुसरा कुणी असता तर अपमानानं पेटला असता. अप्पांनी सोगा खाली घेतला आणि विचारलं, "मग सडलेली कशी वळखायची?"

मग तिनं एक बोंबील मोडून दाखवला. चांगला असला की कटकन मोडतो, बिघडला की वाकतो आणि बोटाला चिकटतो. चांगल्याचा वास नाकात राहतो, बिघडलेल्याचा डोळ्यांत जातो. अप्पा तिच्या पाटीसमोर मातीत मांडी घालून बसले. त्या दिवशी त्यांना उलटी झाली. पण पुढल्या बाजारी ते परत गेले, त्याच्या पुढल्याही. घरी आले की अक्का त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. गोठ्याजवळ गरम पाण्याची घागर ठेवलेली असे. "माझ्या बापानं सरकारी नोकरीवाला बघून दिली," त्या पाणी ओतताना म्हणत, "कोळ्याला दिलं आसतं तर निदान मासळी तरी इकली आसती." अप्पा मात्र मला अभिमानानं सांगत, "तम्मा, सुकट मला कळती. खाल्ली न्हाय कधी, पण कळती."

आता ज्या प्रसंगासाठी मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं तो सांगतो.

टंचाईचं साल होतं. पाऊस मृगात तोंड दाखवून गेला तो गेलाच. आमच्या बाजारगावात धान्याचे मोठे व्यापारी शिवलिंगअप्पा, अक्कांचे चुलतभाऊ. त्यांच्या वाड्यामागं ज्वारीची दोन पेवं होती. जमिनीत खोल खणून, आतून कडबा लावून, ज्वारी भरून वर मातीनं बंद केलेली. आदल्या पावसाळ्यात एका पेवाच्या भेगेतून पाणी शिरलं होतं, हे पेव उघडल्यावर कळलं. ज्वारी काळपट, एकमेकीला चिकटलेली, हात घातला तर गरम. शिवलिंगअप्पांनी भाव पाडून ती विकायला काढली. बातमी गावकुसाबाहेरच्या वस्तीवर गेली आणि सकाळीच बायका पिशव्या, पाट्या, फाटकी लुगडी घेऊन दारात रांगेला बसल्या.

अप्पा आले. पेवात डोकं घालायची गरजच पडली नाही. त्यांनी एक दाणा चावला आणि थुंकला.

"शिवलिंगअप्पा, हे पेव आतून शिजलंय."

"दाजी, पेवाच्या जोंधळ्याला वास असतोच. तुम्हाला काय नवं हाय व्हय?"

"हा पेवाचा वास न्हाय. ह्यानं माणूस आजारी पडल."

मग पंच बोलावले, पंचनामा झाला, ज्वारी जप्त झाली. रांगेतली एक बाई उठून पुढं आली. रुख्माबाई तिचं नाव, नवरा सोलापूरला कामाला गेलेला. ती म्हणाली, "अप्पा, समदी नका नेऊ. वरची वरची तरी ठिवा." अप्पांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. तिनं पदर झटकला आणि गेली.

ओढ्यापलीकडच्या जुन्या खाणीत खड्डा केला. रॉकेल ओतायचं असतं, म्हणजे कुणी परत काढून खात नाही. पण त्या साली रॉकेल मिळायचीच मारामार. कसंबसं डबाभर मिळालं, ते वरच्या थरावर शिंपडलं, वर माती लोटली आणि आम्ही परतलो.

सकाळी खड्डा उघडा होता.

अप्पा खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. आत वरची, रॉकेलची ज्वारी तेवढी बाजूला सारलेली आणि खालची नेलेली. "बघ," ते हळूच म्हणाले, "वास घेऊन निवडलीया." त्यांच्या आवाजात कौतुक होतं का भीती, मला कळलं नाही. मग एकदम भानावर येऊन ते वस्तीकडं जवळजवळ पळतच निघाले.

पहिलं घर रुख्माबाईचं. दारात गोधडीवर धुतलेली ज्वारी वाळत घातली होती. अप्पा उकिडवे बसले, मूठभर उचलली आणि सवयीनं सुरू झाले. किती पाण्यानं धुतली? ऊन किती लागलं? दळली का? कुणी खाल्ली? खाऊन किती वेळ झाला? पोटात काय वाटतंय, डोकं जड होतंय का?

रुख्माबाई ऐकत होती. मग ती म्हणाली, "खाल्ल्यावर काय हुतंय त्येच बघाय आलाव व्हय तुमी?"

अप्पा थांबले. हातातली मूठ त्यांनी गोधडीवर सोडली.

आतून कण्हण्याचा आवाज आला. तिच्या सासूनं पहाटेच घुगऱ्या शिजवून खाल्ल्या होत्या. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, लाळ गळत होती, डोळे झाकत होते. अप्पांनी तिला उचललं, आम्ही बैलगाडी जुंपली आणि दवाखान्यात नेलं. मी परत येऊन घरोघर ज्वारी गोळा करू लागलो. म्हातारीचं कळल्यावर कुणी अडवलं नाही. बायकांनी आपणहून आणून दिली. आणखी काही घरांत मुलांना उलट्या झाल्या, पण ती बरी झाली. दुपारी मी पुन्हा दवाखान्यात पोचलो तोवर म्हातारी मात्र गेली होती. डॉक्टर म्हणाले, वय होतं, उपास होते आणि ही ज्वारी होती. ह्यातल्या कशानं गेली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

अप्पांनी डॉक्टरांना दुसरा प्रश्न विचारला नाही. परतताना वाटेत मला म्हणाले, "तम्मा, म्या जिन्नस बघितला. रांग न्हाय बघितली."

संध्याकाळी ते शिवलिंगअप्पांकडं गेले. मी सोबत होतो. अप्पा म्हणाले, दुसरं पेव चांगलं आहे, ते उघडा आणि वस्तीला नेहमीच्या भावानं, पुढं सवडीनं फेडायच्या बोलीवर द्या.

शिवलिंगअप्पा गादीवरून हललेसुद्धा नाहीत. "एक पेव तुम्ही मातीत घातलाव. आता दुसरं माझ्या हातानं लुटायला सांगताव? कुठल्या कायद्यात बसतंय, दाजी?"

कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं. खराब धान्य जप्त करायचा हुकूम अप्पांकडं होता. चांगलं वाटायला लावायचा नव्हता. आम्ही उठलो.

घरी अक्कांनी ताट वाढलं. अप्पा जेवले नाहीत. काय झालं ते त्यांनी तुटक तुटक सांगितलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "त्या बाईचं नाव काय म्हणालाव? रुख्माबाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ठेवणीतली हिरवी इरकल नेसून, कपाळभर कुंकू लावून बाहेर पडल्या. आम्हाला वाटलं देवळात. त्या वस्तीवर गेल्या. तिथून निघाल्या तेव्हा त्यांच्यामागं वस्तीतल्या बायका होत्या, म्हातारीच्या सुतकातली रुख्माबाई सोडून. तिच्याऐवजी शेजारीण आली होती, रिकामी पिशवी घेऊन. भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, हा घोळका शिवलिंगअप्पांच्या दारात थांबला.

"वहिनी!" अक्कांनी हाक मारली. "माहेराला आलीया. ओटी भरा."

भावजय सुपात ज्वारी घेऊन लगबगीनं आली. दारी आलेल्या बहिणीची ओटी कोण नाही भरणार? अक्कांनी पदर पसरला. सूप रिकामं झालं. त्या हलल्या नाहीत.

"ह्या समद्या माझ्या संगतीच्या हायत्या. ह्यांच्या बी भरा."

भावजयीनं नवऱ्याकडं पाहिलं. शिवलिंगअप्पा दारात येऊन उभे होते. समोरच्या दुकानांतली माणसं रस्त्यावर आली होती. "शिवगंगा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे दाजींनी शिकविलं तुला?"

"त्यांना काय येतंय, दादा? त्यांना नुसतं टाकून द्यायचं कळतंय," अक्का खणखणीत आवाजात म्हणाल्या. "द्यायचं आपल्या घराण्याला कळतंय, म्हणून हितं आले."

आता काय बोलणार? शिवलिंगअप्पांनी गड्यांना हाक मारली. दुसरं पेव उघडलं. पेवात कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो, म्हणून आधी आत सोडलेला कंदील विझेनासा झाला तेव्हाच माणूस उतरला आणि पिवळीधमक ज्वारी वर आली. भावजय सुपानं ओट्या भरत राहिली. वस्तीतल्या बायकांच्या पदरात ओतताना हात जरा लांबच ठेवत होती, पण भरत होती. शिवलिंगअप्पा पहिल्यांदा कपाळाला आठ्या घालून उभे होते. लोक 'वा शेट, वा' म्हणू लागले तशा आठ्या उलगडत गेल्या आणि शेवटी तर ते स्वतः माप घेऊन बसले. रुख्माबाईची ज्वारी अक्कांनी स्वतः नेऊन दिली.

अप्पा त्या सगळ्या वेळात रस्त्यापलीकडं लिंबाखाली उभे होते, कोटाची बटणं लावत आणि काढत. अक्का परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"तुम्ही सोडून दुसऱ्या कुणाला प्रश्न पडत न्हायीत व्हय?" अक्का म्हणाल्या आणि घरात गेल्या.

त्यानंतर अप्पांचा मुआयना बदलला. नाक तेच, पण जिन्नस जप्त करायच्या आधी ते मान वर करून बघत, घ्यायला कोण उभं आहे. त्यांच्याजवळ जात. आज घरात काय आहे, विचारत. कधी सरपंचाला गाठत, कधी दुसऱ्या दुकानदाराला गळ घालत, कधी काहीच जमत नसे आणि मग सांगत, "जमलं न्हाय, पण हे खाऊ नगा. ह्यानं एक म्हातारी गेलीया." डॉक्टरांना जे सांगता आलं नव्हतं ते अप्पांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. खड्डा आता पुरुषभर खोल असे, ज्वारी शेणात आणि फिनेलमध्ये कालवली जाई, आणि शेवटची पाटी पडेपर्यंत अप्पा काठावरून हलत नसत. ऊन असो, वारा असो. रुख्माबाईच्या घरावरून जाताना ते वहाणा काढून हातात घेत.

पुढं माझी बदली कळंबकडं झाली, अप्पा निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. भेटी थांबल्या.

शेवटचे दिसले ते लोहाऱ्याच्या एसटी थांब्यावर. मी लसीची पेटी घेऊन उतरत होतो आणि ते त्याच गाडीत चढायच्या गडबडीत. बरेच वाळले होते, मिशा पांढऱ्याफेक. मागं अक्का, हातात कापडी पिशवी. दोघं लेकीकडं निघाली होती. घाईघाईनं ख्यालीखुशाली झाली, मी पाया पडलो, कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तसं खिडकीतून अप्पांचं डोकं बाहेर आलं. अक्का आतून कोट धरून त्यांना मागं ओढत होत्या.

"तम्मा!" ते धुरळ्यातून ओरडले. "एक विचारायचं राहिलंच! तुझ्या त्या देवीच्या लशीला वास कसला असतो रे?"

मी हात वर केला. गाडी वळणावर गेली. हजारो दंडांवर मी ती लस टोचली होती, आणि मला ठाऊक नव्हतं.